पत्राचे रूप कोणाच्या हाती?

पत्रवाङ्मयाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु ती बहुधा पत्रातील मजकुराची. पत्र कागदावर कसे मांडले आहे, तारीख कोठे घातली आहे, कोणती ओळ सोडली आणि कोणती जवळ घेतली, याकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेले नाही. जाण्याचे कारणही नव्हते. लिहिणाऱ्याने जे मांडले तेच वाचणाऱ्याच्या हाती पडत होते. मध्ये टपालवाला होता खरा. पण तो पाकीट उघडून आतली अक्षरे बदलीत नसे.

ई-मेल आल्यापासून ही स्थिती पालटली आहे. लेखकाने योजिलेले रूप आणि वाचकाला दिसणारे रूप यांच्यामध्ये आता एक तिसरा येऊन बसला आहे. तो म्हणजे टपाल वाहणारे आणि दाखविणारे सॉफ्टवेअर. लेखकाने अक्षर बारीक निवडले तर ते मोठे करील, तांबडे निवडले तर काळे करील, कवितेच्या चार ओळी दिल्या तर त्यांची एक ओळ करील. आणि यांपैकी काही केल्याचे ना लेखकास कळवील, ना वाचकास. हा तिसरा मनुष्य साहित्याच्या दृष्टीने कोण? लेखनिक, संपादक, की आगंतुक? घर सोडून दूरच्या मुलखात नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांचा घरोबा आज ज्या पत्रांवर चालतो, ती पत्रे याच्याच हातून जातात. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्रशाळेतला आहे असे आम्हांस वाटत नाही.

आमच्यापुरता हा प्रश्न एका ताज्या कलमाने उभा केला. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून. मुक्काम तिरुविडैमरुदूर, कुंभकोणमपासून दहा किलोमीटरांच्या आत. वडील साताऱ्यास असतात. ते शाळामास्तर होते. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी फोनवरून ई-मेल लिहिण्याची विद्या हस्तगत केली, पण पत्राची जुनी शिस्त सोडली नाही. वर मध्यभागी श्री, उजव्या हातास गाव व तारीख, मग ‘चि. यास अनेक आशीर्वाद’, शेवटी ‘कळावे’, त्याखाली सही. आणि सहीखाली आडवी रेघ ओढून ता. क. मध्यभागी श्री आणण्यासाठी ते मोकळ्या जागा मोजून टाकतात. आमच्या पडद्यावर त्या सगळ्या गिळल्या जाऊन श्री डाव्या कडेला चिकटलेला दिसतो आणि तारीख त्याच्या पाठीवर. याचे आम्हांस हसू येई. पण गेल्या वर्षी आषाढात जे घडले त्याचे हसू येण्यासारखे नव्हते.

नेहमीसारखे पत्र आले. पाऊस, शेजारी, घराची कौले. आम्ही उत्तर पाठविले. आठ दिवसांनी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, “दादा, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. तू येशील म्हणून ते वाट बघत होते. पत्रात लिहिलं होतं म्हणाले.” आम्ही पत्र पुन्हा उघडले. सहीखाली तीन बारीक टिंबे होती. ती दाबल्यावर घडी उलगडली आणि ता. क. दिसला: मोतीबिंदूची तारीख ठरली आहे, रजा मिळाल्यास यावे. ऑपरेशन सुखरूप पार पडले. आम्ही मात्र तेथे नव्हतो.

झाले होते ते असे. ई-मेलच्या जगात एक जुना संकेत आहे. एखाद्या ओळीवर दोनच छोट्या आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा आली, की त्याखालचा मजकूर म्हणजे पाठविणाऱ्याची ठरीव सही, असे समजावयाचे. मग काही सॉफ्टवेअर तो भाग फिका करते, काही उत्तर देताना गाळते, काही घडी घालून ठेवते. वडिलांनी ता. क.च्या वर ओढलेली रेघ नेमकी या संकेतात बसली. त्यांच्या मनात ती रेघ ‘अजून थांबा, एक सांगावयाचे राहिले’ अशी होती. यंत्राने ती ‘येथे पत्र संपले’ अशी वाचली.

तंजावरच्या मुलखात राहणाऱ्याला येथे मोर्तब आठवावे हे स्वाभाविक आहे. मराठी राजपत्रात माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपताच मोर्तब, असा रिवाज होता. मोर्तबाचे काम शोभेचे नव्हते. त्याखाली कोणी आणखी काही लिहिले तर ते धन्याचे नव्हे, हे त्याने ठरत असे. म्हणजे ठशाची जागा हाच अर्थ होता. आमच्या वडिलांनी नकळत आपल्याच पत्रावर मोर्तब केले आणि नंतर ता. क. लिहिला. फरक एवढाच, की दप्तरातले मोर्तब पाठविणारा जाणूनबुजून करीत असे. येथे ते पाठविणाऱ्याच्या वतीने परस्पर झाले.

पत्राच्या रूपात काही भाग पोशाखाचा असतो आणि काही भाग अर्थाचा असतो, हे यावरून ध्यानात येईल. अक्षर किती मोठे, पाठ पांढरी की काळी, हा पोशाख. मोर्तब कोठे, खोडले काय, ओळ कोठे तुटली, हा अर्थ. सॉफ्टवेअरचा दोष ते पोशाख बदलते हा नाही. पोशाख कोणता आणि देह कोणता हे त्याला कळत नाही, आणि न कळताच ते कात्री चालविते, हा आहे.

या कात्रीची रचना समजून घेण्यासारखी आहे. आरंभीचे ई-मेल साध्या रोमन अक्षरांचे होते. ठळक, तिरपे, रंगीत असे त्यात काही नव्हते. जून १९९२ मध्ये ‘माइम’ नावाची व्यवस्था प्रसिद्ध झाली. तिने इतर लिप्यांना, चित्रांना आणि नटलेल्या मजकुराला ई-मेलात वाट करून दिली. त्यातच एक तोड अशी होती, की एकाच पाकिटात एकाच पत्राच्या दोन प्रती घालता याव्यात, एक साधी व एक नटलेली; आणि वाचणाऱ्याच्या यंत्राने आपल्याला झेपेल ती दाखवावी. आज आपण रंग-रूप देऊन पाठविलेली बहुतेक पत्रे अशी दोन प्रतींची असतात. लेखक आपल्या पडद्यावर एकच पाहतो. दुसरी, साधी प्रत, त्याचे सॉफ्टवेअर परस्पर तयार करते. समोरच्याने कोणती वाचली हे त्याला कधीच समजत नाही.

कचेरीतील वाचकांना यातला धोका एका उदाहरणाने पटेल. समजा, मसुद्यात ‘रजा मंजूर करता येत नाही’ असे वाक्य होते. साहेबांनी ‘येत नाही’ या दोन शब्दांवर काट मारून पुढे ‘येईल’ असे घातले आणि मसुदा ई-मेलाने परत पाठविला. साध्या प्रतीत काट नसते. खोडलेले शब्द जिवंत होऊन उठतात आणि वाक्य होते ‘रजा मंजूर करता येत नाही येईल’. हा मसुदा हाती पडलेल्या कारकुनाने रजा द्यावी की नाकारावी? रंगाचेही तेच. केंद्र सरकारच्या कार्यालयीन रिवाजात टिपण निळ्या किंवा काळ्या शाईत लिहावयाचे. हिरवी वा तांबडी शाई क्वचित प्रसंगी वापरण्याची मुभा संयुक्त सचिव आणि त्यावरील अधिकाऱ्यांनाच. तेथे शाई हा हुद्दा आहे. जे यंत्र सर्व शाया एक करते ते सर्व हुद्देही एक करते. एखाद्या साम्यवादी मित्राला हे आवडेल. आस्थापना शाखेला आवडणार नाही.

परंतु सगळा दोष यंत्राच्या पदरी टाकून समीक्षकाने मोकळे होऊ नये. वाचकाचीही एक बाजू आहे, आणि ती आम्हांस त्याच बहिणीने शिकविली. आम्ही वडिलांना पत्रे लिहीत असू ती एका नाजूक, बारीक, करड्या रंगाच्या अक्षरात. आम्हांला ते अक्षर सुसंस्कृत वाटे. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तू कसलं अक्षर धाडतोस ते बाबांना ठाऊकच नाही. त्यांच्या फोनवर सगळं मोठं दिसतं, काळ्यावर पांढरं. तसं नसतं तर त्यांनी तुझं एकही पत्र वाचलं नसतं.” ज्या व्यवस्थेने वडिलांचा ता. क. आमच्यापासून लपविला, तिच्याच जातीच्या व्यवस्थेने आमची पत्रे मोतीबिंदूच्या पडद्याआडून त्यांच्यापर्यंत पोहोचविली होती. आमच्या नाजूक अक्षराचा यंत्राने अव्हेर केला, हा त्यांच्यावर उपकारच होता.

हा वाचकाचा हक्क कोणी वाटेत बळकावलेला नाही. ज्या कारागिरांनी ही दुनिया बांधली त्यांनी तो विचारपूर्वक ठेवला आहे. हॉकोन वियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये संगणकावरील लेखांच्या वेशभूषेची योजना मांडली, तेव्हा लेखकाची इच्छा आणि वाचकाची इच्छा यांचा मेळ घालणे हाच तिचा गाभा होता. त्या योजनेची दुसरी आवृत्ती १९९८ मध्ये आली. दोघांनीही हट्ट धरला तर शेवटचा शब्द वाचकाचा, असा नियम तीत झाला. डोळे वाचकाचे आहेत. तेव्हा हा न्याय आम्हांस योग्य वाटतो.

याच्या उलट टोकाचे पत्र पाहावयाचे असेल तर तंजावरास जावे. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरविला. तेथे लेखकाची सत्ता निरपवाद आहे. अक्षर लहान वाटले तर पुढे सरका, उंच वाटले तर मान वर करा, उजेड कमी असला तर उद्या या. दगड तुमच्यासाठी काही बदलणार नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ गेला तरी मजकूर जागचा हललेला नाही. १९९३ साली निघालेली पीडीएफ ही आजच्या काळातील अशीच शिळा. तीत ओळ, रंग, काट सर्व जसेच्या तसे राहते. पण वडिलांसारख्या वाचकाला लहान फोनवर ती वाचताना, शिलालेखासमोर मान वळवावी तसे पान डावी-उजवीकडे ओढीत बसावे लागते.

दगड आणि ई-मेल यांच्या मधली एक तिसरी वाट आपल्याच परंपरेत आहे, आणि ती पुढच्या विचाराला उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. जुन्या पोथ्या पाहा. ओवी किंवा श्लोक त्यात चरणवार तोडून लिहिलेला नसतो. कागद महाग, म्हणून लेखनिक गद्यासारखे सलग लिहीत जातो. तरी छंद बुडत नाही. का? चरण कोठे संपला हे दंडाने सांगितले आहे आणि ओवी कोणती हे आकड्याने. म्हणजे छंदाची खूण ओळीच्या लांबीत न ठेवता अक्षराच्या बरोबरीच्या चिन्हात ठेविली आहे. हीच पोथी आज एखाद्या ई-मेलात घालून पाठवा. यंत्राने ओळी कशाही मोडल्या तरी ओवी ओवीच राहील. आमच्या नवकवितेचे तसे नाही. तिचा श्वास ओळ तुटते त्या जागी आहे, आणि ती जागा कोणत्याही चिन्हाने राखलेली नाही. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या मुक्तछंदाच्या कविता ई-मेलातून गद्य होऊन उतरल्या आणि संपादकांना कवीला फोन करून ओळी विचाराव्या लागल्या, हे दृश्य आम्ही पाहिले आहे. पोथीचा लेखनिक या बाबतीत आपल्याहून सावध ठरला.

लिपीच्या बाबतीत हाच धडा अधिक लख्ख दिसतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपण मराठी टंकलेखन ज्या फाँटांत करीत असू, त्यांत आतले संकेत रोमन अक्षरांचे आणि वरचा मुखवटा देवनागरीचा असे. मराठीपण सगळे फाँटात होते. समोरच्याच्या यंत्रात तो फाँट नसला, किंवा त्याच्या सॉफ्टवेअरने आपला फाँट लादला, की मुखवटा गळून पडे आणि खाली अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उरे. युनिकोड रुळल्यावर हे संकट टळले, कारण अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ नमस्कार करावा आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगावा. हा भेद संकेतातच घातलेला असल्यामुळे कोणताही फाँट लादला तरी तो नाहीसा होत नाही.

पण ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण मात्र संकेतात नाही, फाँटात आहे. महाराष्ट्र शासनाने १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श हे आपले म्हणून सांगितले. तरी आपण तसे लिहून पाठविले आणि समोरच्या सॉफ्टवेअरचा फाँट हिंदी वळणाचा असला, तर पत्र हिंदी वळणाने उतरते. चांगल्या फाँटांत दोन्ही वळणे असतात. ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी खूण पत्राला लावलेली असली तर ते मराठी वळण दाखवितात. पण बहुतेक ई-मेले ही खूण नेतच नाहीत. परगावी राहणाऱ्याला हे लागते, आम्हांसही लागते. तरी समीक्षकाच्या तराजूत घातले तर हा पोशाखाचाच भाग आहे असे म्हणावे लागेल. ‘ल’ चे वळण बदलल्याने ‘लोभ’ कमी होत नाही. शिवाय १९६६ साली केंद्रीय हिंदी निदेशालयाने मानक देवनागरी ठरविली, तेव्हा अ, झ आणि ण यांची मुंबईकडची वळणे सर्व हिंदी प्रदेशासाठी स्वीकारली गेली, हेही विसरू नये. तिकडच्या वाचकाला तेव्हा काही लागले असेलच.

भाषा पोशाखाहून चिवट असते, याची साक्ष आमच्या या गावातच आहे. सरफोजींसाठी १७९८ मध्ये पदच्युत झालेले अमरसिंह राजे पुढे येथे, तिरुविडैमरुदुरास, येऊन राहिले. येथील महालिंगस्वामींच्या देवळात हातात दिवा घेतलेली एक पितळी स्त्रीमूर्ती आहे. राजघराण्यातील अम्मुनु अम्मणी या स्त्रीने राजपुत्र प्रतापसिंहाशी विवाह व्हावा म्हणून लक्ष दिव्यांचा नवस केला. तो फळला, आणि त्या दिव्यांपैकी एक म्हणून तिची ही मूर्ती १८५३ साली येथे उभी राहिली. बैठकीवरील लेख तमिळ आहे. मराठी राजकुळातील एका स्त्रीच्या मनातली गोष्ट परक्या लिपीत, परक्या भाषेत उतरली, आणि तरीही पोहोचली. कारण जे सांगावयाचे ते शब्दांत घातले होते.

दुसऱ्याच्या लिहिण्याला नवे रूप देणे हे स्वतः पाप नव्हे, हेही येथे म्हटले पाहिजे. मोडीत शब्द तोडीत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तेव्हापासून अशी शेकडो पत्रे बाळबोधात, शब्द सुटे करून छापली गेली. त्यांचे रूप बदलले. पण बदल करणारा समोर उभा होता, त्याने आपले नाव घातले होते, आणि शंका आल्यास मूळ कागद पाहता येत होता. सॉफ्टवेअरपाशी आमचे मागणे याहून अधिक नाही. अक्षर मोठे करा, पाठ काळी करा, आमचे नाजूक अक्षर खुशाल झुगारून द्या. पण एकही शब्द झाकला, एकही काट पुसली, एकही ओळ जोडली तर तसे ठळकपणे सांगा, आणि मूळ प्रत एका बोटावर ठेवा. संपादकाला जी सभ्यता बंधनकारक आहे ती यंत्राला माफ का असावी?

तोवर लेखकाने पोथीच्या लेखनिकाचा कित्ता गिरवावा. जे टिकावे असे वाटते ते रंगात, जागेत, रेघेत न ठेवता शब्दांत ठेवावे. खोडलेले ‘वगळले’ असे लिहून सांगावे. कवितेच्या चरणाला दंड द्यावा. आणि महत्त्वाची गोष्ट ता. क.साठी राखून ठेवू नये.

हे शेवटचे कलम आम्ही वडिलांना सुचविले तेव्हा त्यांना ते रुचले नाही. ता. क. म्हणजे सही झाल्यावर आठवलेली गोष्ट. ती आधी कशी लिहावयाची, असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे खरे होते. ‘तू यावेस’ हे त्यांनी मुद्दामच शेवटी, सहज आठवल्यासारखे लिहिले होते. आग्रह वाटू नये म्हणून. त्या जागेतच त्यांचा संकोच होता, आणि तो कोणत्याही शब्दात घालता आला नसता. येथे आमचा सिद्धांत अपुरा पडतो, हे आम्ही मान्य करतो.

आता ते सहीखाली रेघ ओढीत नाहीत. सरळ ता. क. लिहितात. आणि आम्ही प्रत्येक पत्राच्या शेवटी ती तीन टिंबे आहेत का, हे पाहून मगच उत्तर लिहावयास बसतो.